पेला पुढे सरकवणारी मनकर्णाबाई

बार्शीटाकळीपासून चार कोसांवर आमचं गाव. गावात ख्रिस्ती लोकांची घरं सात, अन् त्यांचं देऊळ म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबट खोली. महिन्यातून एका रविवारी अकोल्याहून केशवराव पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, सायकल हाणत यायचे आणि त्या दिवशी प्रभुभोजन असायचं. येशूनं लोकांसाठी जीव दिला, त्याची आठवण म्हणून भाकरीचा एकेक तुकडा खायचा आणि एकाच पितळी पेल्यातून सगळ्यांनी एकेक घोट द्राक्षाचा रस घ्यायचा. आमच्याकडे द्राक्षं कुठली? अकोल्याच्या बाजारातून किसमिस आणायचे, शनिवारी पाण्यात भिजत घालायचे, रविवारी सकाळी उकळून, कुस्करून पांढऱ्या धडप्यातून गाळायचे. हे काम मनकर्णाबाईचं. बारा वर्षं तिनं तो रस केला, अन् बारा वर्षांत स्वतः एक घोट घेतला नाही. रांगेतून पेला आला की दोन्ही हातांनी धरायची आणि पलीकडं बसलेल्या गोदाबाईकडं सरकवायची.

मनात कोणाविषयी अढी असेल तर पेल्याला तोंड लावू नये, असा त्यांच्यात नेम. नेम पुष्कळांना ठाऊक होता, पण पाळणारी ती एकटी. बाकीचे लोक धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडून यायचे, मिशा पुसून घोट घ्यायचे अन् पुन्हा धुऱ्यावर जायचे. मनकर्णाबाईची अढी एकाच माणसाविषयी होती. पुंजाराम. आणि ती कशापायी होती, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तिचा नवरा शमुवेल. गावानं त्याचा सामू करून टाकला होता. धिप्पाड, कमी बोलणारा, अन् विहिरी खोदण्यात पटाईत. त्रेपन्न साली शेंदूरजनाघाटकडं संत्र्याचे बगीचे वाढत होते, जो तो कास्तकार विहीर खणत होता. आमच्या गावची आठ जणांची टोळी उन्हाळ्यात तिकडं गेली. चाळीस हातांवर काळा दगड लागला. असा दगड लागला की पहारीनं भोकं पाडायची, बारूद ठासायची, बत्ती लावायची. एक माणूस खाली राहून बत्त्या पेटवतो, दोराला धरतो, अन् वरचे लोक यारीचं चाक फिरवून त्याला ओढून घेतात. शंभर मोजेपर्यंत वर आलं पाहिजे, येवढाच वेळ.

त्या दिवशी बत्तीची पाळी पुंजारामची होती. पुंजाराम कुणब्याच्या घरचा धाकटा. कामचुकार म्हणून भावांनी वावरातून हाकलला, तेव्हा टोळीत आला. तोंडाचा गोड. अंगात मात्र आळस असा की माशी बसली तर दुसऱ्याला हाकायला सांगेल. त्यानं तीन बत्त्या पेटवल्या, दोर धरला, अर्ध्यावर आला अन् म्हणाला, ‘थांबा रे, माही तंबाखूची डबी खालीच रायली.’ कोणी काही बोलायच्या आत गडी सरकत खाली. ओल्या दगडावर पाय मुरगळला, तो बसला तसाच. मग बोंब मारली.

वर सात माणसं. सहा एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले. शमुवेलनं चाकाचा दांडा शेजारच्याच्या हातात दिला अन् दोराला धरून खाली उतरला. त्यानं पुंजारामला दोरात बांधलं, ‘ओढा’ म्हणून हाक दिली. दोरावर एका वेळी एकच माणूस वर यायचा. पुंजाराम वर आला. दोर परत खाली जाईपर्यंत दोन सुरुंग उडाले. तिसरा फुसका निघाला, पण दोन पुरे होते.

पुंजाराम वर आला तेव्हा डबी त्याच्या मुठीत होती. ही गोष्ट टोळीतल्या लोकांनी गावात येऊन सांगितली नसती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी पुंजाराम लंगडत मनकर्णाबाईच्या दारात आला. ती रडत नव्हती. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. येवढंच विचारलं, ‘खाली तुले काय म्हणला तो?’

पुंजाराम जरा वेळ पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभा राहिला. मग म्हणाला, ‘म्हणला, पुंजाराम, आता नीट राय. वहिनीच्या शब्दात राय.’

झालं. या एका वाक्यावर मनकर्णाबाईनं पुढची बारा वर्षं काढली.

आमच्याकडं सावड असते. आज मी माझे बैल अन् माझं अंग घेऊन तुझ्या वावरात राबतो, उद्या तू माझ्या वावरात राब. सावड बुडवणाऱ्याला गावात कोणी पाणी विचारत नाही. मनकर्णाबाईनं नवऱ्याचं मरण सावडीत धरलं. शमुवेल पुंजारामच्या जागी मेला, तर पुंजारामनं आता शमुवेलच्या जागी जगावं. हिशेब सरळ होता. फक्त माणूस सरळ नव्हता.

तिचं तीन एकर वावर होतं. पुंजाराम पहिले दोन दिवस बैलांच्या डवऱ्यामागं, तण काढत, चालला. तिसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली. चौथ्या दिवशी पण कडुनिंबाखालीच, पण सावली हलली म्हणून दुसऱ्या अंगाला.

‘पुंजाराम, हे काय?’

‘पाय दुखते वहिनी. तोच पाय.’

‘काल तमाशाले चार कोस गेलता तवा कोणता पाय होता?’

‘तवा दुसऱ्यावर जोर देऊन गेलो.’

आता सांगा, अशा माणसाचं काय करावं? मारावं तर लंगडा, हाकलावं तर त्याच्यासाठी आपला धनी मेलेला. ती त्याला शिव्या द्यायची, मग भाकर द्यायची. दोन्ही तो सारख्याच शांतपणे घ्यायचा. तंबाखू त्याच डबीतून खायचा. डबी टाकून द्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

तिनं त्याचं लग्न लावून दिलं, की बायको आली म्हणजे सुधरेल. जमुना नावाची गरीब, कष्टाळू पोरगी. ती मजुरीला जाऊ लागली अन् पुंजाराम घरची राखण करू लागला. त्या घरात राखण्यासारखं काय होतं, ते देवालाच माहीत. एकदा मनकर्णाबाई जमुनेच्या देखत त्याला तासभर बोलली. तो गेल्यावर जमुना म्हणाली, ‘बाई, तुमी बोलून आपल्या घरी तरी जाता.’ मनकर्णाबाई तशीच उठून घरी गेली. घरून तिनं पायलीभर ज्वारी पाठवली.

छप्पन साली अर्धा मोहल्ला बौद्ध झाला. तिचा दीरही झाला. तो समजावायला आला, ‘वहिनी, देव सोडा आता. देवापायीच सामू खाली उतरला.’ ती म्हणाली, ‘देवाशी माहं भांडण चालू हाय. भांडण मिटल्याबिगर घर कसं सोडू?’ दीर हसला अन् चहा पिऊन गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. पण ती रात्रभर चिडत राहिली, कारण देवापायीच उतरला, हे त्याचं म्हणणं तिला खोडता आलं नव्हतं.

एकसष्ट साली तिची मुलगी मैना बडनेऱ्याला रेल्वेतल्या गँगमनच्या घरी दिली. जावयाच्या पाया पडून, म्हणजे सासूनं जावयाच्या पाया पडून, तिनं पुंजारामला तिथं हंगामी खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून चिकटवलं. चार महिन्यांनी तो गावात परत आला. डोक्याला रेल्वेचा हिरवा झेंडा फेट्यासारखा गुंडाळलेला.

‘हा कोठून आणला?’

‘पडला होता वहिनी.’

‘झेंडा पडत नसते, पुंज्या. त्यानं गाडी थांबवतेत.’

‘थांबवाचा लाल असते. हिरवा जायाले असते. म्हणूनच मी आलो.’

लोक हसले. ती हसली नाही. त्या महिन्यात पेला तिच्यापर्यंत आला तेव्हा तिनं तो इतक्या जोरानं पुढं सरकवला की गोदाबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर रस सांडला.

केशवराव पाळक भला माणूस होता. उपदेश लांबवायचे, पण पोटात काही ठेवायचे नाहीत. त्या दिवशी जाताना सायकल धरून तिच्या दारात थांबले.

‘मनकर्णाबाई, रस तुम्ही करता आणि घेत मात्र नाही. मला बघवत नाही हे.’

‘मंग नोका पाहू. तुमी प्रार्थनेले डोये मिटता तवाच सरकवत जाईन.’

‘पुंजाराम सुधारल्यावरच घेणार?’

‘हो.’

‘आणि नाही सुधारला तर?’

‘तर देवाले विचारीन, का बापा, येवढा कामाचा गडी देऊन हा असा काहून घेतला?’

‘ही काही बैलजोडी नाही बदलून घ्यायला. कृपा म्हणतात तिला. लायकी बघून देतात ती मजुरी. न बघता देतात ती कृपा. येशूनं तरी कुठं कोणाची लायकी बघितली?’

‘येशूचं ठीक हाय पाळकसाहेब. तो तिसऱ्या दिवशी उठला. माहा नाई उठला.’

केशवरावांनी उगाच एकदा सायकलची घंटी वाजवली. मग येतो म्हणाले.

पासष्ट साल उजाडलं. शमुवेलला जाऊन बारा वर्षं होत आली. केशवरावांनी ठरवलं, यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, देवळात शमुवेलची आठवण करायची. त्यांच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते माणसानं मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. मनकर्णाबाई म्हणाली, साक्ष पुंजाराम देईल.

‘तो बाप्तिस्मा घेतलेला नाही,’ केशवराव म्हणाले.

‘जीव घेतलेला तर हाय. शमुवेलनं त्याले नीट राय म्हणून सांगतलं, ते त्यानं चारचौघांत कबूल करावं. तेवढं एक नीट केलं त्यानं, तर येत्या रविवारी पेला घेईन मी.’

तिनं बारा वर्षांत मागणं इतकं खाली आणलं होतं. आधी म्हणायची शमुवेलसारखा हो. मग म्हणाली कामाला लाग. मग म्हणाली बायकोला मारू नको. ते तो करतच नव्हता, त्याला कंटाळा यायचा. आता राहिली एक साक्ष.

आठ दिवस ती त्याच्याकडून पाठ करून घेत होती. त्याची दाढी करवली. जावयाचा जुना सदरा धुऊन दिला. ‘शमुवेल भाऊनं मले नीट राय म्हणून सांगतलं. म्या कमी पडलो. आता नीट राईन.’ तीन वाक्यं. पुंजाराम म्हणायचा, ‘लक्षात हाय वहिनी,’ अन् दुसऱ्या दिवशी मधलं वाक्य गाळायचा.

उत्तम शुक्रवारी देऊळ भरलं. दारात आम्ही बाकीचे लोक पण उभे होतो. गावात तमाशा रोज येत नाही. पुंजाराम पुढं जाऊन उभा राहिला. दाढी केल्यामुळं तोंड सोलल्यासारखं दिसत होतं. त्यानं खाकरून घसा साफ केला.

‘मी पुंजाराम. वहिनीनं मले बोलाले शिकवलं हाय.’

मग थांबला. विसरला असं सगळ्यांना वाटलं. मनकर्णाबाई ओठ हलवून त्याला पहिलं वाक्य सांगू लागली.

‘लक्षात हाय वहिनी,’ तो म्हणाला. ‘पण ते खोटं हाय. शमुवेल भाऊ मले नीट राय म्हणला नाई. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात उभा होतो. तुमचे डोये पायले अन् भेव लागलं. कायतरी सांगा लागीन म्हणून सांगतलं. मंग रोज तेच चालत गेलं.’

मनकर्णाबाई जागेवरूनच बोलली. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

‘मंग काय म्हणला तो?’

‘काईच नाई. दोर माह्या बगलेतून घेतला. गाठ मारली. गाठ ओढून पायली. वर हाक देली. मी म्हणलं, भाऊ, तू? तर खालून माह्या ढुंगणाले रेटा देला. बस.’

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं अन् गप्प झालं.

‘डबीवरून शिवी देली अशीन.’

‘नाई देली. मी त्याच्यासमोरच डबी उचलली. त्यानं पायलं. काई बोलला नाई.’ पुंजारामनं बाहीनं नाक पुसलं. ‘दोन शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं वहिनी.’

बारा वर्षांत या माणसानं केलेलं हे पहिलं धड काम, अन् ते असं. मनकर्णाबाई उठली, पदर घट्ट केला अन् दारातल्या लोकांना बाजूला सारत घरी निघून गेली. केशवरावांनी उपदेश तयार करून आणला होता. तो त्यांनी दिला नाही. एक गीत म्हणून मंडळी उठवली.

रविवारी येशूच्या उठण्याचा सण. रस वेळेवर देवळात पोचला, जमुनेच्या हातून. मनकर्णाबाई आपल्या उंबऱ्यावर बसून राहिली. जमुना पेला ठेवून परत आली तर बाई भिंतीकडं पाहून बोलत होती.

‘काईच मागतलं नाई त्यानं. मागाले काय झालं होतं? तोंड होतं ना त्याले. म्हणाचं होतं, माह्या बायकोचं पाय. म्हणाचं होतं, दारू नोको पिऊ. एक शब्द माह्या हाती ठेवाचा होता. म्या त्या शब्दाले धरून बारा वर्षं तुह्या नवऱ्याले जुंपलं, अन् शब्द नव्हताच.’

‘बाई, त्याले माफ करा.’

‘त्याचं काय घेऊन बसली? मी माह्यावाल्याबद्दल बोलून राहिली.’

त्या दिवसापासून तिनं पुंजारामचं नाव घेणं सोडलं. कामाला बोलावणं नाही, शिव्या नाहीत. वाटेत भेटला तर ‘जेवला का’ इतकंच. जमुनेकडं ज्वारी जायची ती जातच होती. आम्हाला वाटलं, तुटलं एकदाचं. पण तुटलं असतं तर ज्वारी का गेली असती?

पेरणीच्या तोंडावर पुंजारामच तिच्या दारात आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो अवघडला होता.

‘वहिनी, पेरणीचं काय?’

‘लावले दोन माणसं.’

‘मले नाई सांगतलं.’

‘नाई.’

‘दोन महिने झाले, शिवी बी नाई देली.’

‘काहून देऊ? तुह्यावर माहं काई नाई.’

‘असं कसं? भाऊ तर…’

‘भाऊनं तुले कोणती अट लावली नाई. खाली उतरला त्यानं नाई लावली, तर मी वरची लावणारी कोण? जाय घरी.’

पुंजाराम गेला नाही. ‘मंग मी आता काय करू?’

‘मले काय मालूम? वाटलं तर कर काई. नाई तर नोको करू.’

तो अंगणात बसला. संध्याकाळपर्यंत बसून होता. पूर्वी काम टाळून बसायचा तेव्हा मजेत बसायचा. त्या दिवशी त्याला बसता येत नव्हतं. उठायचा, खुंट्यावरचा दोर उचलायचा, परत ठेवायचा. काम मात्र त्यानं काहीच केलं नाही, हे पण सांगितलं पाहिजे. दिवस मावळताना तिनं भाकर आणि अंबाडीची भाजी पुढं ठेवली. जेवला अन् तिथंच भिंतीला टेकून झोपला. ती त्याच्याकडं पाहत उभी होती. जमुना त्याला न्यायला आली तेव्हा मनकर्णाबाई म्हणाली, ‘याच्यासाठी उतरला तो. हा असा हाय, हे पाहूनच उतरला. वरून सगळं दिसत होतं त्याले.’

हे ती प्रेमानं म्हणाली असं कोणी समजू नये. जमुनेनं सांगितलं, बाई इतकी चिडली होती की हातातला पाण्याचा गडवा तिनं आपटला.

आखाडातला रविवार. पाऊस असल्यामुळं केशवराव भिजून आले, देवळात माणसं थोडी. भाकर झाली, पेला फिरू लागला. मनकर्णाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला. गोदाबाईनं सवयीनं हात पुढं केले. पेला आला नाही. विधीच्या वेळी बोलायचं नसतं, पण मनकर्णाबाई बोलली.

‘पाळकसाहेब, अढी गेली नाई. त्याले पायलं की आजबी डोक्शात जाते. फक्त मागणं गेलं. चालते का?’

केशवरावांच्या चष्म्यावर पाणी होतं. त्यांनी तो पुसला नाही. ‘मलाही याहून जास्त कधी जमलं नाही,’ म्हणाले. ‘घ्या.’

तिनं घोट घेतला. अन् चिंच चावल्यासारखं तोंड केलं. पेला खाली घेऊन आत पाहिलं, मग गोदाबाईकडं.

‘हा इतका आंबट हाय?’

‘हो,’ गोदाबाई हळूच म्हणाली.

‘आजचाच?’

‘नाई वो. पयलेपासून. शनवारी भिजवते तू, रातभरात फसफसून जाते.’

‘बारा वर्षं तुमी हे पेल्या, अन् एकीनंबी सांगतलं नाई?’

‘तू घेत नव्हती,’ गोदाबाई म्हणाली. ‘तुले कोणत्या तोंडानं सांगावं?’

मनकर्णाबाईनं मंडळीकडं पाहिलं. सात घरांतली वीसेक माणसं, कोणी खाली पाहत होतं, कोणी छपराकडं. तिला राग आला होता, हे तिच्या नाकपुड्यांवरून दिसत होतं. तरी तिनं पेला परत तोंडाला लावला, आणखी एक घोट घेतला, अन् मग गोदाबाईच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यापासून किसमिस आणायला ती स्वतः अकोल्याला जाऊ लागली. चाखून घ्यायची, दुकानदाराशी भांडायची, रविवारी पहाटेच भिजवायची. रस गोड होऊ लागला. पुंजाराम होता तसाच राहिला.